उद्यमबागेतला पत्रा आणि लॅपटॉपचा ताप

चोर्ल्याच्या घाटाने बेळगावला जाणाऱ्या गोंयकाराला शहर भेटण्याआधी कारखाने भेटतात. कणकुंबी, जांबोटी मागे टाकून पिरनवाडीला खानापूर रस्त्यावर आले की थोड्याच वेळात उद्यमबाग लागते. आपल्यापैकी बहुतेक जण इथे गाडीची काच वर करतात. आपले बेळगाव म्हणजे लग्नाचा बस्ता, कुंदा, नाहीतर दवाखाना. ओतशाळा, लेथ आणि पत्र्याची कामे चालतात तिथे आपले काय काम? मला मात्र काम निघाले, आणि तेही लॅपटॉपचे!

गेली दोन वर्षे मी आमच्या गावच्या जत्रेत होणाऱ्या जुन्या मराठी नाटकांच्या हस्तलिखित वह्या टाइप करतो आहे. कचेरी सुटल्यावर रात्री तासभर आणि रविवारची दुपार, एवढाच वेळ. काही वह्या वाळवीने खाल्लेल्या, काहींची शाई पावसाळ्यातल्या दमटपणाने पसरलेली. पुढच्या वर्षावर ढकलावे असे हे काम नव्हे, कारण पुढच्या वर्षी ते पान असेलच असे नाही. आणि नेमका एप्रिल-मे महिन्यात लॅपटॉप अर्ध्या प्रवेशात आपणहून बंद पडू लागला. खालून हात लावून पाहिला तर तवा! दुरुस्तीवाल्याने सांगितले, "मशीन जुनी झाली, नवीन घ्या." कारकुनाला हा सल्ला महिन्याच्या कोणत्याही तारखेला महागच.

खरे तर तो बंद पडतो हे त्याचे शहाणपण. प्रोसेसर मर्यादेपलीकडे तापला की जळून जाऊ नये म्हणून यंत्र स्वतःला विझवते. संगणक आणि उष्णता यांचे हे भांडण संगणकाच्या जन्मापासूनचे आहे. १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिअॅकमध्ये सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते. तो दीडशे किलोवॅट वीज खाई आणि त्याला थंड ठेवायला मोठमोठे पंखे लावलेले होते. पुढे १९८२ साली बाजारात आलेल्या ग्रिड कंपास या पुस्तकासारख्या मिटणाऱ्या संगणकाने दुसरी वाट काढली. त्याची पेटीच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची केली; आतली उष्णता पेटीनेच बाहेरच्या हवेला द्यायची. पण नासाने १९८३ मध्ये तो अंतराळयानात नेला तेव्हा त्याला पंखा बसवावा लागला. कारण मोठे गमतीचे आहे. गरम हवा हलकी होऊन वर जाते, हे आपण चुलीपाशी शिकतो. पण जिथे वजनच जाणवत नाही तिथे हलके काय आणि जड काय! तापलेली हवा यंत्राला बिलगून तिथेच राहते.

आपल्या घरात अंतराळ नाही, परंतु गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपच्या पोटाखाली हवेची गत तीच. बहुतेक लॅपटॉप खालून हवा ओढतात आणि बाजूने किंवा मागून सोडतात. खालची जाळी बुजली की संपले. म्हणजे स्टँडकडून मागणे फार नाही: यंत्र उचलून धरावे, खाली मोकळी जागा ठेवावी, आणि जमल्यास एका पंख्याने थोडा वारा द्यावा. अॅल्युमिनियम उष्णता चांगली वाहून नेते म्हणून सगळे त्याचे गुण गातात, पण लॅपटॉप रबरी पायांवर उभा असतो, पत्र्याला त्याचे अंग फारसे लागतच नाही. पत्रा हवा तो हलका, गंज न धरणारा आणि सहज भोके पडणारा म्हणून. विकतचे स्टँड मिळतात, हे मलाही ठाऊक आहे. पण जाळी कुठे, पंखा कुठे, हे आपल्या यंत्राप्रमाणे ठरवायचे तर करून घेतलेले बरे.

करून घेण्यासाठी बेळगावच का, याचे उत्तर शंभर-सव्वाशे वर्षे मागे जाते. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. तिथे त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे निघाले. तेव्हा रंग सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान निघाले, ते भाऊ रामुअण्णांच्या साथीने. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले ४० नांगर खपायला दोन वर्षे लागली म्हणतात. हे सारे रांगेला लागते आहे तोच ठळकवाडीच्या नव्या वस्तीसाठी जागा रिकामी करा, अशी नगरपालिकेची नोटीस आली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले आणि १९१० साली कुंडल स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बाळासाहेब स्वतः चित्रकार! रंग न ओळखणाऱ्याला चित्र काढणाऱ्या राजाने आसरा दिला, हा योगायोग मला फार आवडतो.

ठळकवाडीची आज टिळकवाडी झाली आहे. आणि ज्या वस्तीपायी पहिला कारखाना उठला, तिच्याच पलीकडे शहराला पुढे कारखान्यांसाठी 'बाग' वसवावी लागली. १९७९ पासून गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालयही याच उद्यमबागेत आहे. किर्लोस्कर गेले नसते तर बेळगावचे काय झाले असते, यावर बेळगावकर तासन् तास बोलतात. असो. माझे मत एवढेच की कारखाना गेला तरी गिऱ्हाईकाने रेखाटून आणलेली वस्तू करून देण्याची खोड मागे राहिली.

ती मी प्रत्यक्ष पाहिली. पत्र्याचे काम करणाऱ्या एका छोट्या शेडमध्ये मी पुठ्ठ्याचा नमुना घेऊन गेलो. बाहेर पाटी कन्नडमध्ये, आतली बोली मराठी. पन्नाशीचे कारागीर पुठ्ठा उलटासुलटा करून म्हणाले, "ह्याचं काय करणार ओ?"

"मामा, लॅपटॉपखाली ठेवायचं. तापतो फार."

"मग ही भोकं पुरत नाहीत की. वाऱ्याला वाट पायजे."

त्यांनी माझ्या चाळीस भोकांची साठ केली. मी जुन्या डेस्कटॉपमधून काढलेला १२० मिलिमीटरचा पंखा नेला होता. त्याच्या स्क्रूंच्या भोकांमधले अंतर त्यांनी मोजले, बरोबर १०५ मिलिमीटर, आणि ते खडूने पत्र्यावर मांडले. दोन मिलिमीटरचा पत्रा, पुढे लॅपटॉप घसरू नये म्हणून अर्ध्या इंचाची दुमड, मागे तीन इंचांचा पाय. कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या. पैसे घेतले ते पत्र्याचे आणि वाकवण्याचे, भोकांचे मागितलेच नाहीत.

पंख्याची जोडणी घरी केली. पंखा १२ व्होल्टचा, यूएसबीतून मिळतात ५ व्होल्ट. त्यामुळे तो हळू फिरतो, आणि रात्री घरात कोणाची झोप मोडत नाही. सगळेच पंखे एवढ्यावर सुरू होत नाहीत, म्हणून स्क्रू आवळण्याआधी फिरवून पाहावे. साध्या यूएसबी पोर्टला अर्ध्या अँपियरपेक्षा जास्त ओढणारा पंखा लावू नये. आणि वाऱ्याची दिशा तपासावी: लॅपटॉप चालू असताना खालच्या जाळीपाशी कागदाची पट्टी धरावी. ती आत ओढली गेली तर स्टँडचा पंखा वर वारा फेकणारा हवा. उलटा बसवला तर दोन पंखे एकमेकांच्या तोंडची हवा काढून घेतात.

आता रविवारच्या दुपारी एक प्रवेश सलग टाइप होतो. आत साचलेल्या धुळीवर मात्र या स्टँडचा काही इलाज नाही. ती दर पावसाळ्याआधी मऊ ब्रशनेच काढावी लागते.