राज्य निवडणूक आयुक्त, महाराष्ट्र

ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत राज्यातील सर्व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांवर देखरेख ठेवणारे घटनात्मक पद. ७३ व्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या अनुच्छेद २४३ ट नुसार पंचायतींच्या मतदारयाद्या व निवडणुका यांचे अधीक्षण, निदेशन आणि नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाकडे सोपवले आहे. ७४ व्या दुरुस्तीने हीच जबाबदारी नगरपालिकांपर्यंत नेली. महाराष्ट्राचा आयोग १९९४ मध्ये स्थापन झाला. भारत निवडणूक आयोग बहुसदस्यीय असला तरी राज्याचा आयोग एकसदस्यीय आहे. त्यामुळे आयुक्ताची नियुक्ती म्हणजेच आयोगाची घडण.

नियुक्ती राज्यपाल करतात. प्रत्यक्षात नाव राज्य मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने ठरते. पहिले आयुक्त डी. एन. चौधरी होते. नंदलाल, नीला सत्यनारायण, ज. स. सहारिया, यू. पी. एस. मदान हे नंतरचे आयुक्त प्रशासकीय सेवेतील ज्येष्ठ अधिकारी होते. मदान यांची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपल्यावर जानेवारी २०२५ मध्ये दिनेश वाघमारे यांची नियुक्ती झाली. एकसदस्यीय रचनेत असे पद रिकामे राहिले, तर जागा भरून काढणारा दुसरा सदस्य नसतो.

निवड शासन करत असले तरी नियुक्तीनंतर आयुक्ताला संरक्षण आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या रीतीने आणि ज्या कारणांसाठी हटवता येते, त्याखेरीज त्याला दूर करता येत नाही. त्याच्या सेवाशर्तींतही अहितकारक बदल करता येत नाही. स्वातंत्र्याचा प्रश्न नियुक्तीच्या टप्प्यावरही येतो. गोव्यात विधी सचिवाकडेच या पदाचा अतिरिक्त कार्यभार दिला होता. १२ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर ताशेरे ओढले आणि शासकीय पदावर असलेल्या व्यक्तीला राज्य निवडणूक आयुक्त नेमता येणार नाही, असे सर्व राज्यांना बजावले.

आयोगाचा जिल्ह्यांत स्वतःचा कर्मचारीवर्ग नाही. मागणीनुसार तो उपलब्ध करून देण्याची जबाबदारी राज्यपालांवर आहे. जिल्हाधिकारी, प्रांत आणि तहसीलदार हे महसूल अधिकारीच निवडणुकीपुरते आयोगाच्या नियंत्रणाखाली काम करतात. मतदारयादीही वेगळी तयार होत नाही. विधानसभेची यादी प्रभागनिहाय, तसेच जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण यांनुसार फोडून वापरली जाते.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते नंदुरबार जिल्ह्याच्या उदाहरणातून दिसते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके आहेत. जिल्ह्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या कायद्यानुसार सरपंचपदे अनुसूचित जमातींसाठी राखीव असतात.

आयोगाच्या अधिकाराचा ठळक दाखला याच जिल्ह्यात आहे. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत नंदुरबार तालुक्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याच्या तक्रारी आल्या. मंदिरासाठी ४२ लाखांची बोली लागल्याची चर्चा होती. आयोगाने जिल्हाधिकाऱ्यांचे अहवाल आणि चित्रफिती तपासल्या. १५ जानेवारीच्या मतदानाला दोन दिवस उरले असताना खोंडामळी आणि अशाच तक्रारी असलेले नाशिक जिल्ह्यातील उमराणे या दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. बोलीने पद ठरले की इतर इच्छुकांची उमेदवारी आणि मतदारांची निवड दोन्ही नाहीशी होतात. त्यामुळे अर्ज मागे घेऊन घडवलेली ‘बिनविरोध’ निवड कागदोपत्री निर्दोष दिसली, तरी आयोगाने ती मानली नाही.

आयोगाला न्यायालयाच्या निर्णयांनुसारही पावले उचलावी लागतात. नंदुरबार जिल्हा परिषदेची निवडणूक ७ जानेवारी २०२० रोजी झाली. ४ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकूण आरक्षण ५० टक्क्यांपलीकडे नेणाऱ्या इतर मागासवर्गीय जागांची निवड रद्दबातल ठरवली. जिल्ह्यात अशा ११ गटांची पोटनिवडणूक १९ जुलै २०२१ रोजी ठरली होती. कोविडमुळे ती लांबली आणि अखेर ५ ऑक्टोबर २०२१ रोजी मतदान झाले.

आयुक्ताच्या अधिकारांना मर्यादाही आहेत. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदे दुरुस्त करून प्रभागरचनेचा अधिकार शासनाकडे घेतला. त्याआधी मार्च २००८ मध्ये विशेषाधिकारभंगाच्या प्रकरणात विधानसभेने तत्कालीन आयुक्त नंदलाल यांना दोन दिवसांच्या कारावासाची शिक्षा दिली होती. पदावरून दूर करण्याबाबतचे घटनात्मक संरक्षण अशा कारवाईपर्यंत पोहोचत नाही.