‘पंजाबी’ हे उपनाम : महाराष्ट्राच्या कुस्तीतील परके मल्ल

बाहेरून आलेल्या मल्लाला एखादा समाज कोणत्या नावाने ओळखतो, ह्यावरून त्या समाजाने त्याला कोणते स्थान दिले हे बव्हंशी कळते. महाराष्ट्रातील कुस्तीच्या इतिहासात आश्रयदाते, मैदाने व विजेते ह्यांची नोंद होते. परप्रांतीय मल्लांचा विचार मात्र बहुधा प्रतिस्पर्धी म्हणूनच होतो. त्यांच्या नावांकडे पुरावा म्हणून पाहिले असता ह्या इतिहासाची एक निराळी बाजू दृष्टीस पडते.

पुण्यापुरते बोलावयाचे तर आरंभ दुसऱ्या बाजीरावाच्या दरबाराशी निगडित असलेल्या एका आख्यायिकेपासून करता येतो. निजामाच्या राज्यातून अली व गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्यास आले व त्यांनी पेशव्यांच्या मल्लांना आव्हान दिले. ते बाळंभटदादा देवधरांनी स्वीकारले आणि त्या तयारीतून मल्लखांबाची विद्या नव्याने उदयास आली, असे परंपरा सांगते. तिचा सगळा तपशील इतिहास म्हणून स्वीकारता येणार नाही. तथापि तिची रचना अर्थपूर्ण आहे. परका मल्ल येतो आणि त्यामुळे घरची विद्या जागी होते, अशी ही कथा आहे. आणि तिने परक्यांचीही नावे जपली आहेत.

कुस्तीची मराठी परिभाषाही अशाच देवघेवीची साक्ष देते. ‘कुस्ती’ व ‘पहिलवान’ हे शब्द फारसीतून आले. ‘तालीम’ हा मूळचा अरबी, शिक्षण ह्या अर्थाचा. ‘उस्ताद’ मराठीत ‘वस्ताद’ झाला. चिंचेची तालीम, नगरकर तालीम ही नावे उच्चारताना कोणाही पुणेकरास त्यांत परकेपणा जाणवत नाही. नाटकाच्या सरावासही तोच शब्द चालतो. ‘मुलतानी’ ह्या डावाच्या नावात तर दूरचे एक शहरच येऊन बसले आहे. शब्द आले, रुळले आणि घरचे झाले. शब्द घेऊन येणाऱ्या माणसांच्या बाबतीतही असेच घडले काय, हा खरा प्रश्न होय.

त्याचे उत्तर कोल्हापुरात शोधावे लागते. १८९४ साली अधिकारावर आलेल्या शाहू छत्रपतींनी कुस्तीस जो उदार आश्रय दिला, तो केवळ आपल्या संस्थानातील मल्लांपुरता मर्यादित नव्हता. उत्तरेकडील नामांकित मल्लही त्यांच्या दरबारी येत असत. १९०२ च्या युरोपच्या प्रवासात रोम येथील प्राचीन प्रेक्षागार पाहून महाराजांना खासबाग मैदानाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. हे मैदान १९१२ मध्ये खुले झाले. तेथील पहिली मोठी कुस्ती गामाचा बंधू इमामबक्ष व गुलाम मोहिद्दीन ह्यांच्यात झाली. म्हणजे कोल्हापूरच्या अभिमानाचे जे स्थान, त्याचे उद्‌घाटन दोन परप्रांतीयांच्या झुंजीने झाले. ह्यात कोणास कमीपणा वाटला नाही. कारण मैदानाची योग्यता तेथे कोण येतो ह्यावर ठरते, ही जाण त्या काळी होती.

१९४७ नंतर परिस्थिती पालटली. जो पंजाब एका साम्राज्याचा प्रांत होता, तो दोन राष्ट्रांत विभागला गेला. स्वतः गामा १९६० मध्ये लाहोर येथे निवर्तला. तथापि मैदानावरील भाषेने ही सीमा मानली नाही. सादिक पंजाबी, गोगा पंजाबी ही नावे मराठी प्रेक्षकांच्या तोंडी बसली, ती त्याच जुन्या उपनामासह. प्रेक्षकांनी त्यांना ‘पाकिस्तानी’ म्हटले नाही. ‘पंजाबी’ ह्या शब्दाचा अर्थ येथे राष्ट्रवाचक नसून तो कुस्तीच्या एका घराण्याचा, एका दर्जाचा निदर्शक होता.

ह्याच्याच शेजारी दुसरे उदाहरण ठेवावे. १९५९ मध्ये ‘हिंदकेसरी’ झालेले श्रीपती खंचनाळे हे मूळचे बेळगाव जिल्ह्यातील एकसंबा गावचे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने ते गाव महाराष्ट्राबाहेर राहिले. पण खंचनाळ्यांना कोणी परप्रांतीय म्हटले नाही. परकेपणा राज्याच्या सीमेने ठरत नाही, तो लोकव्यवहाराने ठरतो, हे ह्यावरून स्पष्ट होते.

तुलनेसाठी जपानच्या सुमो कुस्तीचे उदाहरण उद्‌बोधक ठरेल. तेथे परदेशी मल्लाला जपानी नाव धारण करावे लागते. हवाई बेटांतून आलेला ताकामियामा १९७२ मध्ये स्पर्धा जिंकणारा पहिला परदेशी ठरला. हवाईचाच आकेबोनो १९९३ मध्ये ‘योकोझुना’ ह्या सर्वोच्च पदावर चढला. २००३ मध्ये मंगोलियाचा आसाशोर्यू त्या पदास पोचला. आकेबोनो म्हणजे ‘पहाट’. ह्या नावात हवाईचा मागमूस नाही. उलट बल्गेरियाच्या कोतोओश्यूच्या नावातील ‘ओश्यू’चा अर्थ ‘युरोप’ असा आहे. मात्र नाव दिले तरी दार पूर्ण उघडले नाही : २००२ पासून प्रत्येक आखाड्यास एकच परदेशी मल्ल घेण्याची मुभा आहे, आणि निवृत्तीनंतर संघटनेत गुरुपद मिळवावयाचे तर जपानी नागरिकत्व आवश्यक असते.

जपानने नाव बदलून परक्यास आत घेतले व नियमाने त्याची संख्या आवरली. महाराष्ट्राने नियम केला नाही, नाव बदलले नाही. परंतु नावापुढे त्याचा प्रांत जोडून त्यास कायमचा पाहुणा ठेवले. ह्या आदराची एक किंमत आहे. खंचनाळ्यांचे गाव सर्वांस ठाऊक आहे. सादिकचे गाव, त्याचा वस्ताद, त्याची तालीम ह्यांविषयी मराठी प्रेक्षकाने क्वचितच विचारणा केली. ‘पंजाबी’ ह्या एका शब्दात त्याचा गौरव झाला आणि त्याच शब्दात त्याचे चरित्र लोपले.

१९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब राज्यातील मल्लांसाठी आहे, आणि ते योग्यच होय. तथापि ज्या बळाशी झुंजून येथील बळ वाढले, त्याचाही इतिहास हा ह्याच इतिहासाचा भाग आहे. जुन्या मैदानांच्या जाहिराती, संस्थानी दप्तरे व वयोवृद्ध वस्तादांच्या आठवणी ह्यांत तो विखुरलेला असण्याचा संभव आहे. आठवणी माणसांबरोबर जातात. म्हणून ह्या कामास प्रथम हात घालावयास हवा, तो तेथे.