सामायिक हिशेबप्रणालीतील प्रवेशमर्यादा (खानदेश)

एकाच संगणकावर किंवा नेटवर्कवर अनेक फर्मचे हिशेब असताना कोणी कोणत्या फर्मचे काय पाहावे, काय लिहावे आणि कशाला हात लावू नये, हे ठरवणारी व्यवस्था. जळगाव व धुळे जिल्ह्यांत तिचा संबंध मुख्यतः टॅलीशी येतो. श्यामसुंदर व भरत गोयंका या पितापुत्रांनी १९८६ मध्ये उभ्या केलेल्या बंगळुरूच्या कंपनीची ही प्रणाली इथल्या डाळ मिल, जिनिंग, सराफी पेढ्या आणि अडतीच्या दुकानांत पूर्ण रुळलेली आहे.

रोजमेळ आणि खतावणी कागदावर होत्या तेव्हा वही एका वेळी एकाच दिवाणजीच्या हातात असे आणि रात्री तिजोरीत जाई. संगणकाने हे बंधन काढून टाकले. वडिलांची पेढी, मुलाच्या नावाची फर्म, एकत्र कुटुंबाचे खाते आणि एखादी प्रायव्हेट लिमिटेड, असे सगळे हिशेब एकाच फोल्डरमध्ये आले. कर सल्लागारांच्या कार्यालयांत तर प्रश्न अधिक नाजूक आहे. एकाच सराफ बाजारातले दोन प्रतिस्पर्धी एकाच सल्लागाराचे अशील असू शकतात. एकाची उधारी, खरेदीचे भाव आणि गिऱ्हाइकांची नावे दुसऱ्याच्या माणसाला दिसली, तर नुकसान पैशाचे होतेच, विश्वासाचेही होते. कापसाच्या हंगामात किंवा मार्चअखेर घेतलेल्या तात्पुरत्या माणसांमुळे ही जोखीम वाढते.

टॅलीमध्ये प्रत्येक फर्मच्या हिशेबाला 'कंपनी' म्हणतात; वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार प्रत्येक कंपनीत स्वतंत्रपणे नोंदवावे लागतात. एका फर्मचा पासवर्ड दुसरीला लागू होत नाही. जिथे तो घातलेलाच नाही, ती फर्म सर्वांना खुली असते. भूमिका ठरवून दिली की व्हाउचर टाकणाऱ्याला ताळेबंद किंवा नफा-तोटा न दाखवणे, जुनी नोंद बदलू न देणे, किती दिवस मागच्या तारखेची नोंद चालेल हे बांधून देणे शक्य होते. मात्र पासवर्ड असलेल्या कंपनीचेही नाव यादीत दिसतच राहते. नाव झाकायचे असेल तर टॅली व्हॉल्ट वापरावा लागतो. त्यात माहिती कूटबद्ध होते आणि यादीत नावाऐवजी तारे दिसतात.

खरी फट मात्र टॅलीच्या बाहेर असते, आणि तिकडे फार कमी लोक पाहतात. प्रत्येक कंपनीची माहिती क्रमांकाच्या फोल्डरमध्ये साठते. तो फोल्डर नेटवर्कवर पूर्ण अधिकारांनिशी शेअर केलेला असेल, तर टॅली न उघडताही कोणी तो पेनड्राइव्हवर उचलून नेऊ शकतो किंवा पुसू शकतो. म्हणून अशिलागणिक वेगळा डेटा पाथ, म्हणजे माहिती साठवण्याची वेगळी जागा, आणि त्यावर विंडोजचे वेगळे अधिकार ही पहिली पायरी मानली पाहिजे. मोठ्या ठिकाणी टॅलीप्राइम सर्व्हर घेतला, तर फोल्डर शेअर न करताही काम चालते.

नोंदींतल्या बदलांचा माग ठेवण्याला कायद्यानेही वजन दिले आहे. केंद्रीय जीएसटी नियम ५६(८) नुसार हिशेब संगणकावर ठेवल्यास बदललेल्या व वगळलेल्या प्रत्येक नोंदीचा माग ठेवावा लागतो. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून बंद करता न येणारा असा माग असलेलीच प्रणाली वापरावी लागते; मालकीच्या व भागीदारीच्या फर्मना ही दुसरी अट लागू नाही. टॅलीत या मागाला एडिट लॉग म्हणतात. पण संपूर्ण कार्यालय मालकाच्याच नावाने लॉग इन करत असेल, तर प्रत्येक बदलापुढे एकच नाव उमटते आणि लॉग असून नसल्यासारखा होतो. आपल्याकडच्या पेढ्यांतली सर्वांत घातक सवय हीच आहे. घरचा जुना माणूस असला तरी त्याला स्वतःचे नाव आणि स्वतःचा पासवर्ड द्यावा. त्यात अविश्वास नाही. उद्या काही उलटसुलट झाले, तर त्या माणसाची सचोटी त्यामुळेच सिद्ध होते.

माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचे नाव प्रत्येक कंपनीतून काढावे. व्हॉल्टचा पासवर्ड मात्र लिहून, सीलबंद पाकिटात, मालकाच्या तिजोरीत ठेवावा, कारण तो विसरला तर ती माहिती परत मिळत नाही.