कांपालची कला अकादमी : चाळिशीतल्या वास्तूचे जतन

वास्तू जुनी कधी होते? प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्याचे उत्तर सरळ आहे : किमान शंभर वर्षे उलटल्यावर. आमच्या डोळ्यांदेखत उभ्या राहिलेल्या वास्तूंना या उत्तरात जागा नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावर राज रेवल यांनी १९७२ च्या प्रदर्शनासाठी रचलेले ‘हॉल ऑफ नेशन्स’ एप्रिल २०१७ मध्ये रातोरात पाडले गेले, तेव्हा त्याला पुरती पंचेचाळीस वर्षेही झाली नव्हती. दिल्ली दूर, म्हणून आम्ही हळहळलो आणि विसरलो. पुढे तोच प्रश्न पणजीत, मांडवीच्या काठी येऊन ठेपला.

कांपालची कला अकादमी चार्ल्स कोरिया यांनी १९७३ ते १९८३ या काळात साकारली. नदीकाठी इमारत बांधायची आणि नदीच झाकून टाकायची, हा नेहमीचा प्रमाद त्यांनी टाळला. इमारत बुटकी ठेवली. रस्त्यावरून आलेला माणूस मांडवासारख्या सावलीतून, खुल्या पडवीतून थेट पाण्याकडे चालत जाई. तिकीट नसलेल्यालाही तेथे मज्जाव नव्हता. (आमच्यापैकी कित्येकांनी नाटकापेक्षा तेथल्या पायऱ्यांवरच अधिक वेळ घालविला, हे कबूल करावयास हरकत नाही.) मुख्य नाट्यगृहाला मंगेशीच्या मास्टर दीनानाथांचे नाव मिळाले आणि त्याच्या भिंतींवर मारियो मिरांडांच्या शैलीतले, सज्जांत बसलेले प्रेक्षक अवतरले. स्पर्धेच्या नाटकाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असल्या, तरी सभागृह भरलेले वाटे! मराठी नाट्यस्पर्धा असो वा केसरबाई केरकर संगीत समारोह, आमच्या दोन पिढ्यांचा कान येथे घडला.

परंतु काँक्रीट हे जांभ्या दगडासारखे सोशीक नव्हे. खाऱ्या वाऱ्यातले क्षार त्यात झिरपतात, आतील सळ्या गंजतात, गंजताना फुगतात आणि वरचा थर फोडून काढतात. घराचा वासा कुजला तर सुतार तो बदलून देतो. एकसंध ओतलेल्या छताचा तुकडा तसा काढून बसविता येत नाही. २०१९ साली खुल्या रंगमंचाचा भाग पाडण्याचा विचार शासनाकडून बोलून दाखविला गेला. वास्तुविशारद आणि कलावंत यांच्या विरोधानंतर पाडण्याऐवजी नूतनीकरणाचा मार्ग धरण्यात आला आणि २०२१ मध्ये काम सुरू झाले. जुलै २०२३ मध्ये, काम चालू असतानाच, त्याच खुल्या रंगमंचावरील छत कोसळले. नोव्हेंबर २०२३ मध्ये अकादमी पुन्हा खुली झाली, तीही ध्वनी, प्रकाशयोजना आणि गळती यांविषयीच्या तक्रारींसह.

येथे आम्हांला आमचाही दोष दिसतो. ‘पाडू नका’ एवढेच आम्ही म्हणत राहिलो. नेमके काय राखावयाचे, हे आम्ही कधी सांगितले नाही. भिंती राखूनही नाट्यगृह हरवू शकते, कारण नटाचे कुजबुजलेले वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणे हेच त्याचे खरे अंग. रंग आणि फरशी यांची छायाचित्रे निघतात. आवाजाचे छायाचित्र निघत नाही.

तो पूर्वीचा आवाज ज्यांच्या कानांत आहे, ते रंगकर्मी आणि ध्वनिसंयोजक आता वयाने उतरणीला लागले आहेत. आमच्या मंडळाने त्यांच्या आठवणी आसनक्रमांकासह लिहून घ्याव्यात आणि दुरुस्ती तपासणाऱ्यांनी त्यांना त्याच खुर्च्यांवर नेऊन बसवावे. पहिल्या रांगेत नव्हे, शेवटच्या.