हट्टाकडून कारणाकडे : लहान मुलांचे मन वळवणारे लेखन

आपले मत मांडून, त्यास कारणांचा आधार देऊन वाचणाऱ्याचे मन वळवणे हा ज्या लेखनाचा हेतू असतो, त्याची अग्रलेख, जाहिरात, विनंतीपत्र ही परिचित रूपे आहेत. सहा-सात वर्षांच्या मुलांना असे लेखन झेपेल का, अशी शंका साहजिक आहे. मात्र मुलांचा हट्ट हे मन वळवण्याचेच कच्चे रूप असते. हट्टाला कारणांची जोड देणे, हेच या शिक्षणाचे मर्म होय.

अमेरिकेत २०१० साली जाहीर झालेल्या आणि अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या 'कॉमन कोअर' निकषांत याच्या पायऱ्या स्पष्ट आहेत. बालवर्गातील मूल चित्र काढून, तोंडी सांगून वा लिहून आवड व्यक्त करते. पहिलीत मतासोबत एक कारण अपेक्षित असते. दुसरीत कारणे वाढतात, 'कारण', 'शिवाय' असे जोडशब्द येतात आणि शेवटी समारोपाचे वाक्य येते. पाचवीपर्यंत या लेखनाला 'मत' म्हटले जाते. 'युक्तिवाद' हा शब्द सहावीपासून येतो, तर विरुद्ध मताची दखल घेण्याची अपेक्षा सातवीत आहे.

तरीही विरुद्ध मताची ओळख गोष्टीतून लवकर होऊ शकते. कॅरन कॉफमन ऑर्लॉफ यांच्या 'आय वॉना इग्वाना' (२००४) या चित्रपुस्तकात इग्वाना पाळण्यासाठी अ‍ॅलेक्स आईला चिठ्ठ्या लिहितो. आई प्रत्येक चिठ्ठीला उत्तर देते, आक्षेप घेते आणि त्याला नवे कारण शोधावे लागते. समोरच्याच्या मनात काय आहे, याचा विचार केल्याशिवाय त्याचे मन वळत नाही, हे मुलांना येथे सहज उमगते.

वर्गात आरंभ बोलण्यातून करणे श्रेयस्कर. 'मधली सुट्टी मोठी असावी' असा जिव्हाळ्याचा विषय घेऊन 'मला वाटते... कारण...' हा साचा द्यावा. मग वाचणारा बदलावा. 'जास्त खेळता येईल' हे कारण मित्राला पटेल. मुख्याध्यापकांना मात्र 'डबा घाईघाईने खावा लागतो' हे अधिक पटेल. वाचक बदलला की कारण बदलते, हा या वयातला सर्वांत मोलाचा धडा आहे.

महाराष्ट्रात दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनाअंतर्गत पत्रलेखन व जाहिरातलेखन येते. परंतु सारा भर मायना आणि मांडणीवर राहिला, तर विनंती का मान्य व्हावी, हा गाभाच निसटतो. ती सवय प्राथमिक वर्गातच लागलेली बरी.

एक पथ्य मात्र पाळायला हवे. 'सगळ्यांकडे आहे, मलाच नाही' हे विधान परिणामकारक असले, तरी ते खरे आहे का, हे मुलाने आधी तपासावे. स्वतः कारणे तपासणारे मूल पुढे जाहिरातींनाही तोच प्रश्न विचारू लागते.

मुलांनी लिहिलेले पत्र केवळ तपासून परत देऊ नये. ते ज्याच्यासाठी लिहिले, त्याच्यापर्यंत पोहोचावे आणि त्याने उत्तर द्यावे. उत्तर नकाराचे असले, तरी त्यालाही कारण जोडलेले असावे. आपल्या शब्दांची दखल घेतली जाते, हा विश्वास मुलांना त्यातूनच मिळतो.