खुणेला मोल नाही

पुस्तकात खूण ठेवायला विकतची पट्टी आणणारा माणूस मला जरा संशयास्पद वाटतो. म्हणजे घरी जेवून दात कोरायला हॉटेलात जाण्यासारखंच की हे! इंग्लंडात कव्हेंट्री गावच्या थॉमस स्टीव्हन्सने १८६२च्या सुमारास रेशमात चित्रं विणून पुस्तकाच्या खुणा विकायला काढल्या आणि मोठं नाव कमावलं. आमच्या पोलादपूरकडच्या घरात त्याची एक पट्टी खपली असती तर शपथ! आमच्याकडे खूण ही सापडायची वस्तू होती. मोरपीस, बांबूची कामटी, लग्नपत्रिकेचा कोपरा, एस.टी.चं तिकीट. वडील तर हाताला लागेल ते घालून मोकळे होत. एकदा कादंबरीतून दाढीचं पातं निघालं, तेव्हापासून आई कथानकापेक्षा बोटं सांभाळून वाचू लागली.

खरी कारागीर आमची आजी. दुपारची भांडी झाली की ती श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ घेऊन बसे. अध्याय चौसष्ट, आणि मध्ये म्हैस, पाहुणे, आम्ही पोरं. एक पारायण तिला कित्येक वर्षं पुरायचं. जुन्या हस्तलिखित पोथ्यांची पानं सुटी असत. वाचलेलं पान पालथं टाकलं की काम झालं. आजीची पोथी छापील, शिवलेली. तिला खुणेवाचून गत्यंतर नव्हतं.

पावसाळ्यात ती पिंपळाची पानं पाण्यात कुजत घाली. पंधरवड्याने गर चोळून काढला की मागे नुसती जाळी राही. त्या पंधरवड्यात घरात जो वास सुटे, त्याने पाहुणे मुक्काम आवरता घेत. हा जादा फायदा.

पण तिचा आवडता माल म्हणजे मनीऑर्डरीचा तुकडा. काका मुंबईला गिरणीत होते. तेव्हा महाड-पोलादपूरकडच्या कितीतरी चुली मुंबईच्या मनीऑर्डरीवर पेटत. फॉर्मच्या खालचा निरोपाचा तुकडा घेणाऱ्याला मिळायचा. पैसे चार दिवसांत संपत, तुकडा उरे. आजी तो साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर भाताच्या खळीने डकवी. खळीत चिमूटभर मोरचूद, नाहीतर कसर पुठ्ठ्यासकट पांडवांनाही खायची. मग दाभणाने भोक आणि त्यात लुगड्याच्या काठाचा दोरा. शेपूट बाहेर लोंबलंच पाहिजे, नाहीतर खूण शोधायला दुसरी खूण ठेवा! निरोप बहुधा एकच असे : ‘पावसाआधी घर शाकारून घेणे.’ आणि वाटेतली खूण आजी काढत नसे. पुढे सरकली की नवी खूण. का, ते विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

बाकी अर्धवट राहण्यात आमच्या पोलादपूरचा हात कोणी धरू नये. ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे. त्यांचा हा संस्कृत ग्रंथ १९२७ साली छापून आला, पण हाती लागलेली संहिता बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभीच तुटते. वाचणारा मध्येच उठून गेला तर खूण घालता येते. इथे ग्रंथच उठून गेला, आता खूण कुठे घालणार?

आजीमागे पोथी माझ्याकडे महाडला आली. २२ जुलै २०२१ला सावित्री आणि गांधारी दोघी बाजारपेठेत शिरल्या, त्या आमच्या खालच्या कपाटातही आल्या. पाणी ओसरल्यावर पुस्तकं फुगून वड्यांसारखी झाली होती. शाईच्या पेनाने लिहिलेलं सगळं निळं पाणी झालं. यंत्रातून निघणारी नवी एस.टी. तिकिटं कोरी करकरीत. ती तशी पुराची वाटही पाहत नाहीत, आपोआपच पुसट होतात. पण काकांनी बॉलपेनने लिहिलेले तुकडे! खळ विरघळली, पुठ्ठा गळाला, अक्षर मात्र जागच्या जागी.

दोरीवर चिमट्यांनी ते तुकडे वाळत घातले आणि तारखा वाचत गेलो. सदतिसाव्या अध्यायातला शेवटचा. डिसेंबर १९८१. गिरण्यांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ला. अडतिसाव्या अध्यायापासून एकही तुकडा नाही, नुसती पिंपळाची जाळी आणि कामट्या. संपावर जाडजूड ग्रंथ झालेत. आमच्या घरापुरता इतिहास एवढाच : इथवर मनीऑर्डर, पुढे पिंपळ.

काका त्या मे महिन्यात ट्रंक घेऊन आले, ते परत गेलेच नाहीत. दरसाल घर शाकारायचा निरोप धाडणारा माणूस त्या वर्षी स्वतःच कौलांवर चढला. खालून आजी त्याला कौलं देत होती. दोघंही काही बोलत नव्हती, एवढं मला आठवतं.

शेवटची पिंपळजाळी एकोणपन्नासाव्या अध्यायात निघाली. त्यापुढे काही नाही. म्हणून हल्ली दुपारी मी पन्नासाव्यापासून पुढे वाचायला बसतो. घाईत खूण म्हणून विजेचं बिल घातलं होतं. दोन महिने सगळं घर ते बिल शोधत होतं. सापडलं ते बावन्नाव्या अध्यायात, आणि भरलं ते दंडासकट.