वळचणीचा इतिहास

मराठी घरात वाढलेल्या बहुतेकांनी ऐकलेली पहिली गोष्ट दार न उघडण्याची असते. मेणाच्या घरातली चिमणी आणि शेणाचे घर वाहून गेलेला कावळा ही जोडी आपण इतक्या कोवळ्या वयात आत्मसात करतो, की त्या गोष्टीतला कठोरपणा पुढे सहसा जाणवत नाही. भिजलेला शेजारी दाराशी ताटकळतो आहे आणि आतली गृहिणी बाळाच्या न्हाऊमाखूची एकेक सबब पुढे करते आहे. काही घरांत ही गोष्ट तापलेल्या तव्यावर कावळ्याला चटका बसेपर्यंत जाते. कोणत्या पाखराला आत घ्यावे आणि कोणाला बाहेर ठेवावे, ह्याचा हा पहिला धडा. तो देणारी चिमणी मात्र प्रत्यक्षात आपल्याच घराच्या तसबिरीमागे राहत असे.

जुन्या घरात हे शक्य होते, ह्याचे कारण त्या घराच्या बांधणीत होते. कडीपाटाच्या फटी, कोनाडे, आढे आणि सर्वांत महत्त्वाची ती वळचण, म्हणजे उतरत्या छपराचा भिंतीबाहेर आलेला काठ. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती मंगलोरी कौले कोकणापासून मुंबईपर्यंत पसरली, तरी वळचण राहिलीच. तिथे चिमण्या राहत, पारवे घुमत, पाकोळ्याही राहत. काही भागांत हा एकच शब्द छताला चिकटणाऱ्या पक्ष्यालाही लावतात आणि लहानशा वाघळालाही. वळचण धड आत नाही, धड बाहेरही नाही. भाषेने ही जागा नेमकी हेरली आहे. एखाद्याच्या वळचणीला जाणे म्हणजे आसरा मिळवणे खरे, पण आश्रिताच्या पायरीने. माजघरावर हक्क सांगता येत नाही.

म्हणून पूर्वीची माणसे भूतदयेचे पुतळे होती, असा निष्कर्ष कोणी काढू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, चौथ्या अधिकरणात, राष्ट्रावर येणाऱ्या आठ दैवी आपत्तींत अग्नी, पूर, रोग आणि दुष्काळ ह्यांच्या पंक्तीला उंदीर बसवले आहेत. त्यांच्यावर मांजरे आणि मुंगूस सोडावेत, आणि त्या मांजर-मुंगसांना मारणाऱ्याला दंड करावा, असे तिथे सांगितले आहे. आपल्या घरांतले शिंके, झाकणाची कणगी, कडुलिंबाच्या पाल्याची धुरी ही त्याच लढाईची घरगुती शस्त्रे होत. त्यांचा रोख पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. संरक्षण अन्नाचे होते. दूध, दही, धान्य एवढे जपले की पुरे. सबंध घर प्राण्यांपासून सीलबंद करावे, ही कल्पना त्यामागे नव्हती.

ती कल्पना आपल्याकडे रुजण्यात 1896 च्या प्लेगचा वाटा मोठा आहे. त्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी रोग ओळखला. पुढे घरांत ऊन-वारा यावा म्हणून सरकारी पथकांनी कौले उतरवली, भिंती धुतल्या, सामान जाळले. रोग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ ह्यांनी 1898 साली मांडले होते, पण ते सर्वमान्य व्हायला 1905 नंतरचे मुंबईतले संशोधन यावे लागले. ज्या काळ्या उंदराभोवती हे सारे फिरत होते, तो छपराच्या वाशांतून वावरणारा, म्हणजे वळचणीचाच रहिवासी. इथून पुढे वळचणीकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. आम्हांला हा संशय अनाठायी वाटत नाही. ज्यांच्या घरात त्या वर्षी माणसे गेली, त्यांना आढ्यावरची खुडबुड पूर्वीसारखी ऐकू येणे शक्य नव्हते.

सिमेंटची घरे आली तशी कौले गेली आणि वळचणही गेली. चिमणीला लागणारी फट गुळगुळीत गिलाव्यात उरली नाही. परंतु कड्याकपारींत राहणाऱ्या पारव्याला खिडकीवरचा छज्जा आणि वातानुकूलन यंत्रामागची बेचकी हे आयतेच कडे मिळाले. वर चौकाचौकांत पुण्याचे दाणे होतेच. मग नायलॉनच्या जाळ्या आल्या आणि दोरावर लोंबकळत त्या बसवणारी माणसे आली. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासात गेल्याने काहींच्या फुप्फुसांना सूज येते आणि ती कायमची निबर होऊ शकतात, हे वैद्यकाला ठाऊक आहे. 2025 च्या जुलैत राज्य शासनाने मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश दिले. ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, ती ताडपत्री आंदोलकांनी फाडली, आणि वाद उच्च न्यायालयातही चालला. एका बाजूला जीवदया, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचा श्वास. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, आणि म्हणूनच तो वाद चटकन मिटणारा नव्हता.

उपद्रवी कोण, हे ठरवण्याचा यत्न कायद्यानेही केला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत कावळा, फळे खाणारी वाघळे आणि उंदीर ह्यांना उपद्रवी ठरवून संरक्षणाबाहेर ठेवले होते. म्हणजे सुमारे पन्नास वर्षे कायद्याच्या लेखी जो कावळा उपद्रवी होता, त्याचीच वाट पाहत दहाव्याच्या पिंडापाशी सगळे कुटुंब हात जोडून उभे राहत असे. 2022 च्या दुरुस्तीने ती स्वतंत्र अनुसूची गेली. एखाद्या प्राण्याला अधिसूचनेने उपद्रवी ठरवण्याचा केंद्राचा अधिकार मात्र राहिला.

आज पुष्कळ गॅलऱ्यांत एक दृश्य दिसते. पारव्यांसाठी जाळी ताणलेली असते आणि तिच्याच बाहेर चिमणीसाठी लाकडी खोपा टांगलेला असतो. ह्या दृश्याला आम्हांला हसवत नाही. जाळी काढावी, असेही आम्ही म्हणणार नाही. दम्याचा रुग्ण घरात असेल तर ती हवीच. पण तो विकतचा खोपा म्हणजे गेलेली वळचण खिळ्यावर टांगून परत आणण्याची धडपड आहे, एवढे ओळखावे. आपली मुले ‘वळचणीला जाणे’ हा वाक्प्रचार अजून पाठ करतात. त्यांच्यापैकी कित्येकांनी वळचण पाहिलेली नाही. वर्गात तो शिकवताना घराचे एक चित्र फळ्यावर काढावे, आणि छपराच्या काठाखाली एक पाखरू काढायला विसरू नये.